तळाशी ज्याचं नाव

वर्धा
रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय इला,

तुझा तिळगूळ संक्रांतीच्या आधीच पोचला आणि संक्रांतीच्या आधीच संपला. नाशिकचा तीळच पांढरा असतो की तू तो निवडत बसतेस, हे एकदा कळव.

परवा ऑफिसातली आचल म्हणाली, "मॅडम, मैत्रिणीला फोन करून घ्या ना." मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीला डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्या कानानं ती कुणाचं ऐकत नाही. पण खरं कारण तुला ठाऊक आहे. नागपूरच्या होस्टेलात दर रविवारी प्रार्थनेनंतर सिस्टर बेनेडिक्टा निब आणि दौत पुढे ठेवायच्या आणि पत्र झाल्याशिवाय जेवायला उठू द्यायच्या नाहीत. आज चौसष्टाव्या वर्षीही रविवारी पत्र झाल्याशिवाय मला भूक लागत नाही.

सिस्टर म्हणायच्या, तक्रार पत्राच्या मधोमध लिहावी, शेवटाला नाही. म्हणून इथेच सांगते. 'सोनसळी चहा' मला सोडून जाण्याच्या बेतात आहे.

तुला आठवतं ना, हिंगणघाटची ती चहाची पेढी? मी पुलगावच्या टॉकीजात काचेच्या स्लाइड रंगवून द्यायची, तेव्हापासूनचं माझं गिऱ्हाईक. त्यांची पहिली स्लाइड ऑपरेटरनं उलटी लावली होती. सगळं थिएटर मान वाकडी करून वाचत होतं आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन "तो उल्टा चहा द्या" म्हणत होतं. मालक खूश झाले आणि मला म्हणाले, "पोरी, आता भिंती रंगव." 'लीना पब्लिसिटी' तिथून सुरू झाली. आमचे बाबा डेपोत हेडक्लार्क. त्यांनी महिनाभर अबोला धरला, पण शिडी मात्र स्वतः विकत आणून दिली. ती शिडी एस. टी.च्या टपावर टाकून मी गावोगाव जायची, आणि भिंतीवर लिहिणारी बाई दिसली की बायका दार लावून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, कुटुंब नियोजनवाली आली. अल्लीपूरला एकट्या रुख्माबाईनं दार उघडलं. म्हणाली, "माह्यं तं ऑपरेशन झालं आहे, आता चहा पिऊनच जा." माझी पहिली भिंत तिच्या घराची.

ते जुने मालक गेल्या वर्षी वारले. आता मुलगा अभिराम बघतो. लहानपणी माझ्या ब्रशांनी खेळलेला मुलगा. खुशीत असला की मला मावशी म्हणतो, नसला की मॅडम. परवा म्हणाला, "मॅडम, आता भिंती कोण वाचतं? लोक फोनमध्ये बघतात." शेवटी एका हंगामाची मुदत दिली आहे. अल्लीपूर ते गिरड, रस्त्यालगतच्या गावांतल्या भिंती. पुढे पुण्याच्या कंपनीला काम द्यायचं की मला, हे तो मे महिन्यात ठरवणार. बाकीची गिऱ्हाइकं किरकोळ. सोनसळी गेला तर दुकान चालणार नाही, आणि गोपाल पेंटर आणि आचल या दोघांना मला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

तसं झालं तर मी शिडी विकून तुझ्याकडे नाशिकला येऊन राहीन. तुझी मागची खोली रिकामीच आहे ना?

गोड शेवट: दारातल्या संत्र्याला या वर्षी पहिल्यांदा फळ धरलं आहे. आंबट आहे, पण धरलं आहे.

तुझी
लीना


नाशिक
रविवार, २६ जानेवारी २०२५

लाडके लीनू,

खोली रिकामी आहे. नमिता लग्न होऊन बडोद्याला गेल्यापासून तिथे फक्त तिचा कॅरमबोर्ड आणि माझे पापड असतात. तू सहज विचारलंस म्हणून मीही सहजच सांगते आहे, पूर्वेची खिडकी आहे, सकाळचं ऊन आत येतं आणि शेजारी कुणी गाणं शिकत नाही.

पण तू इतक्यात हाय खाऊ नकोस. मला तुझ्या भिंती फार आवडतात. तुझ्याबरोबर एकदा गिरडला आले होते. टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात माथा टेकून आपण खाली उतरलो, आणि खाली एका गोठ्याच्या भिंतीवर तुझी अक्षरं. तो 'च' बघून मला भडभडून आलं. सिस्टरांच्या कित्त्यातली गोलाई गोठ्याच्या भिंतीवर, आणि खाली म्हैस रवंथ करत बसलेली.

एक सांग, भिंती तुला फुकट कशा मिळतात? मी माझ्या भिंतीवर कुणाला खिळासुद्धा ठोकू देणार नाही.

सकाळी झेंडावंदनाला गेले होते. भाषण ऐकू आलं नाही, त्यामुळे फार छान वाटलं.

तुझी
इला


वर्धा
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय इला,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डोळ्यावर पट्टी होती. आता सगळं इतकं स्वच्छ दिसतं की ऑफिसचा पंखा पाहून मला आचलची लाज वाटली आणि आरसा पाहून स्वतःची.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पुढचा सगळा घोळ त्यातच आहे. आमच्याकडे भिंत फुकट मिळत नाही, तिची फेड करावी लागते. घरात लग्न असलं की लोक दर्शनी भिंतीवर वधूवरांची नावं, तिथी आणि आमंत्रण रंगवून घेतात. ते आमचा पेंटर लिहून देतो. वर घरचं लग्न, खाली आमची जाहिरात. माझा सगळा धंदा या देवाणघेवाणीवर उभा राहिला.

अभिरामला हे पसंत नव्हतं. म्हणाला, "मॅडम, फुकटचं लिखाण बंद. सगळ्या भिंती एकसारख्या पाहिजेत. एका ठिपक्याचाही फरक नको." मी कबूल केलं. फक्त रुख्माबाईची भिंत सोडून. तिच्या नातीचं, वर्षालीचं, लग्न ठरलं आहे गिरडच्या निशांतशी. त्या भिंतीला मी नाही कशी म्हणू? गोपालनं वर लिहिलं, चि. निशांत आणि चि. सौ. कां. वर्षाली, रविवार दि. २० एप्रिल, स्थळ अल्लीपूर, सर्वांनी अगत्य येण्याचे करावे. निमंत्रकाच्या नावाला जागा उरली नाही. गोपाल म्हणाला, "घर त्यायचंच आहे बाई, गावात कोणाले मालूम नाई?" आणि त्याखाली टपोऱ्या अक्षरांत, सोनसळी चहा.

भिंत इतकी सुरेख उतरली की गोपालनं पाठवलेला फोटो मी नमुना म्हणून ठेवला. मग त्याला कावीळ झाली आणि मला मोतीबिंदू. हिंगणघाटचे दोन नवे पेंटर लावले. एका डोळ्यानं फोन चाचपत मी त्यांना तो फोटो पाठवला, आणि अभिरामचे शब्द जसेच्या तसे: थेट असंच, एका ठिपक्याचाही फरक नको.

त्यांनी ठिपक्याचाही फरक केला नाही, इला. अल्लीपूरपासून गिरडपर्यंत प्रत्येक गावात वर्षालीचं लग्न लिहिलं आहे. जिथे तिला कुणी ओळखत नाही तिथेसुद्धा. आणि आमंत्रणाच्या तळाशी, जिथे बोलावणाऱ्याचं नाव असतं, तिथे सोनसळी चहा.

अभिरामला हे दुकानदारांच्या फोनवरून कळलं. ते विचारत होते, "शेट, लग्नाले किती वाजता यावं?" त्यानं मला बोलावून घेतलं. एका वाक्यात चार वेळा मॅडम म्हणाला. आठवड्यात सगळ्या भिंतींवर चुना मारा, आणि त्यानंतर आपला हिशेब संपला, म्हणाला.

मी रुख्माबाईला निरोप पाठवला की चूक माझी आहे, चुना मारायची परवानगी द्या. तिचं उत्तर सोबत पाठवते. आता तूच सांग मी काय करू. मला काही सुचत नाही. खोलीची खिडकी पूर्वेची आहे असं तू लिहिलं होतंस, ते रोज आठवतं.

गोड शेवट: नव्या डोळ्यानं तुझं जुनं पत्र वाचलं. तुझं अक्षर अजून तस्संच आहे.

तुझी
लीना


(लीनाच्या पत्रासोबत)

अल्लीपूर
१९ मार्च २०२५

लीनाबाईले रुख्माबाईचा नमस्कार. मी सांगून राह्यली आणि वर्षाली लिहून राह्यली.

तुमचा माणूस आलता. चुना माराच म्हणे. बाई, पोरीचं नाव हळदीच्या आंधी एकडाव भितीवर लागलं का मंग त्याच्यावर चुना नाई मारत. लगन झाल्यावर पावसानं जाईन तवा जाईन. तुमाले हे मालूम नाई असं कसं होईन? चाळीस वर्स झाले आमच्या भिती रंगवून राह्यल्या तुमी.

आपले सयपाकी नत्थूजी घाबरून गेले. म्हणते, एवढ्या गावचे लोकं आले तं आलू-वांग्याची भाजी कुठून पुरवू? मी म्हटलं, तुमी काऊन घाबरता, आवतन आपण नाई देल्लं, चहावाल्यानं देल्लं. पाहीन तो.

तुमी लगनाले नक्की येजो. डोळा सांभाळजो.

(मावशी, मी वर्षाली. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुझ्या लग्नाची जाहिरात टीव्हीवर कधी येणार? मला तर मजा वाटते आहे. आजीला सांगू नका.)


नाशिक
रविवार, ३० मार्च २०२५

लाडके लीनू,

तुझं पत्र काल आलं. आज पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड केलं, आणि तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. खरं सांगू का, इतकी हसले की शेजारच्या नाडकर्णीबाई बघायला आल्या.

मग मागच्या खोलीत जाऊन लिहायला बसले. तू विचारलंस म्हणून सांगते. मला तुझ्या धंद्यातलं काही कळत नाही, पण आमंत्रणातलं कळतं. तळाशी ज्याचं नाव, तो यजमान. मग ते नाव कुणी आणि का लिहिलं हे कुणी विचारत नाही. रुख्माबाई एका ओळीत सगळं बोलून गेली आहे आणि तू मला उपाय विचारते आहेस.

अभिरामला सांग, भिंतीला चुना लावला तर गावोगाव असंच म्हणतील की सोनसळीनं बोलावलं आणि तोंड लपवलं. ते पुसायला कुठला चुना आणशील? त्यापेक्षा लग्नाच्या दिवशी मांडवासमोर उभा राहा आणि चहा पाज. लोक काही जेवायला हपापलेले नसतात गं. बोलावलं आहे म्हणून येतात, आणि आल्याचं कुणीतरी बघावं एवढंच त्यांना हवं असतं. इतकी वर्षं तुम्ही आमचा चहा घेतलात, आज आम्ही पाजतो, असं म्हण म्हणावं.

हे वाक्य आवडलं तर, आजवर तुझ्या जाहिरातींना वाक्यं दिली त्या नेहमीच्या दरानं, एक डबा संत्राबर्फी.

त्याचं 'हिशेब संपला' वगैरे मनावर घेऊ नकोस. सिस्टर आपल्याला वर्गाबाहेर काढायच्या आणि पाच मिनिटांनी स्वतःच बघायला यायच्या.

खोलीच्या खिडकीला मच्छरांची जाळी बसवून घेतली. सुतार आलाच होता म्हणून एक टेबलही करून घेतलं. घाई काही नाही. आधी हे निस्तर.

तुझी
इला


वर्धा
रविवार, २७ एप्रिल २०२५

प्रिय इला,

बर्फीचे दोन डबे निघाले आहेत. दर वाढवला आहे.

तुझं पत्र घेऊन मी तडक हिंगणघाट गाठलं. अभिरामला तो परिच्छेद वाचून दाखवला. तो म्हणाला, "मॅडम, चव्वेचाळीस डिग्रीत चहा कोण पिणार?" मी म्हटलं, "बाळा, पुण्यात शिकून तू एवढं विसरलास? आपल्याकडे माणूस उन्हातून आला की आधी पाणी मागतो आणि लगेच चहा." तो खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "बाबांनी काय केलं असतं?" मी म्हटलं, "त्यांनी उलट्या स्लाइडचे पैसे कापले नव्हते." संध्याकाळी त्याचा फोन आला, गंज किती लागतील ते विचारायला. आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात, आणि हा शब्द त्याच्या तोंडून ऐकला तेव्हाच मला धीर आला.

वीस तारखेला अल्लीपूरला रुख्माबाईच्या घरासमोर कडुनिंबाखाली वेगळा मांडव घातला. सकाळपासून लोक यायला लागले. बैलगाडी एकही नाही, सगळे मोटारसायकलवर आणि मालवाहू गाड्यांत. मी एका आजोबांना विचारलं, "तुम्ही मुलीकडचे की मुलाकडचे?" ते म्हणाले, "आमी भितीकडचे."

आणि इला, रिकाम्या हातानं कुणी आलं नाही. कुणी पायलीभर तूर, कुणी नारळ, कुणी पपई. एका गावानं तर वर्गणी काढून कुकर आणला. चहा घेतला, आहेर ठेवला, वर्षालीवर अक्षता टाकल्या, आणि घरची पंगत बसायच्या आत सगळे आपणहून निघून गेले. नत्थूजींची भाजी उरली. ते दिवसभर खिन्न होते. "पाह्यलं का," म्हणाले, "मी म्हणतच होतो अंदाज चुकन म्हणून."

अभिराम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. पहिले दोन तास नुसता उभा. मग एका म्हाताऱ्यानं त्याच्या हातातला ट्रे थांबवून सांगितलं, "शेट, तुमचा बाप असा दूरून नाई द्यायचा चहा." तेव्हापासून तो वाकून देऊ लागला. शर्टाचं काय झालं ते विचारू नकोस.

शेवटी रुख्माबाईनं त्याला पाटावर बसवलं. म्हणाली, "आवतन तुमचं होतं, मान बी तुमचा." त्याच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर दुपट्टा टाकला, हातात नारळ दिला. त्यानं नारळ कपाळाला लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी या रस्त्यावर किती लग्नं आहेत?"

इला, काम माझ्याकडेच राहिलं. पुढची तीन वर्षं. ज्या घरी लग्न, त्या घरी भिंत, आणि ज्या घरी भिंत, तिथे सोनसळीचा चहा. फोनवरची कामं आचल बघेल. गोपाल बरा झाला आहे, फक्त त्या दोन पेंटरांवर रुसला आहे, कारण त्यांनी त्याचं अक्षर इतकं हुबेहूब काढलं की त्यालाही ओळखू येईना.

तू नसतीस तर मी चुन्याचे डबे घेऊन निघालेच होते.

तुझी
लीना


नाशिक
रविवार, ११ मे २०२५

लाडके लीनू,

किती किती आनंद झाला. बर्फी पोचली. एक डबा नाडकर्णीबाईंना दिला आणि 'भितीकडचे' त्यांना वाचून दाखवलं. त्या आता कुठल्याही लग्नाला निघाल्या की मी विचारते, तुम्ही कुणाकडच्या?

मला ठाऊकच होतं तू इतक्यात शिडी विकणार नाहीस. शोभलंही नसतं तुला. खोलीत मी पापड वाळत घातले आहेत. नव्या टेबलावर पसरले की छान वाळतात. जाळीमुळे माशाही येत नाहीत. म्हणजे खर्च काही वाया गेला नाही.

इकडे उकाडा फार नाही. सकाळी देवळापर्यंत जाऊन येते. संध्याकाळी जात नाही, कारण गाड्यांचा आवाज कळत नाही आणि नमिता रागावते. बाकी सगळं छान.

तुझी
इला


वर्धा
रविवार, १८ मे २०२५

प्रिय इला,

आज मी तक्रार मधोमध लिहिणार नाही, वरतीच लिहिते. तू सिस्टरांची लाडकी विद्यार्थिनी, पण खोटं लिहिण्यात तू पहिल्यापासून कच्ची. पापडासाठी टेबल करून घेणारी बाई मी आजवर पाहिली नाही. तू होस्टेलात असताना दोन वर्षं फाटकी मच्छरदाणी दोऱ्यानं शिवून वापरलीस. स्वतःसाठी तू जाळी बसवणार?

तुझं तीस मार्चचं पत्र काढून पुन्हा वाचलं. चुना मारायला सांगितलं असतंस तर मी आज तुझ्या त्या खोलीत बसलेली असते. तुला ते लिहिताना कळत होतं, आणि तरी तू लिहिलंस. आणि मी तुला बदल्यात बर्फी पाठवली.

मी येऊ शकत नाही. तीन वर्षं बांधली गेले आहे. पण माझं घर चार खोल्यांचं आहे, आणि एका खोलीत नुसत्या जुन्या स्लाइड आहेत. मला वाक्यं लिहून देणारं माणूस हवं आहे. पत्रानं वाक्यं मागवायला आता वेळ पुरत नाही. नमिताला मी वेगळा फोन केला. ती म्हणाली: "मावशी, मी गेली तीन वर्षं हेच सांगते आहे, पण आई उजव्या कानानं ऐकत नाही."

तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. म्हणून मी काल एक काम केलं. इतकी वर्षं हजारो भिंती रंगवल्या, पण माझ्या घराच्या कंपाउंडला कधी रंगाचा थेंब लावू दिला नव्हता. काल गोपालला शिडी घेऊन बोलावलं. फोटो सोबत आहे. दिसत नसेल तर लिहिते:

आमचे येथे
सौ. इलाबाई नाशिककर
यांचे कायमचे आगमन होत आहे.
दिनांक

आपली नम्र,
लीना

तारखेची जागा गोपालनं रिकामी ठेवली आहे. आमच्याकडचा नियम तुला रुख्माबाईनं कळवलाच आहे. भिंतीवर एकदा नाव लागलं की चुना मारत नाहीत. तू आली नाहीस तर मला रोज सगळ्या गल्लीला उत्तर द्यावं लागेल. दूधवाल्यानं आजच विचारलं, "बाई, पावण्या कवा येऊन राह्यल्या? दूध वाढवायचं का?"

संत्र्याला पुन्हा फुलं आली आहेत.

तुझी
लीना


नाशिक
गुरुवार, २२ मे २०२५

लाडके लीनू,

आज गुरुवार आहे. रविवारपर्यंत थांबवत नाही. सिस्टरांनी मला माफ करावं.

भिंत पाहिली. गोपालचा 'ला' थोडा खाली गेला आहे आणि मी विधवा असून तू मला सौभाग्यवती केलंस. पण चुना मारू नकोस.

कानाला नवं यंत्र घेतलं आहे. तुझी बडबड समोरासमोर ऐकायची तर लागेलच. पापड वाळले, डब्यात भरले. टेबल नाडकर्णीबाईंना दिलं. जाळी तिथेच राहू दे, तिला कोण काढणार.

दूधवाल्याला सांग, एक जूनपासून अर्धा लिटर जास्त. आणि गोपालला सांग, शिडी लाव.

तुझी
इला